नावेआधीची नाव

१९८९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एका बोटीच्या आकारावरून चाललेला खटला निकाली काढला. फ्लोरिडातल्या बोनिटो बोट्स या कंपनीनं १९७६ च्या सप्टेंबरात फायबरग्लासची एक नवी बोट बाजारात आणली होती. आधी तिचे नकाशे काढले, नकाशांवरून कठीण लाकडाचं मॉडेल घडवलं, त्यावर फायबरग्लास फवारून साचा घेतला आणि मग त्या साच्यातून बोटी काढून विकल्या. पेटंटसाठी अर्ज मात्र केलाच नाही. १९८३ मध्ये फ्लोरिडा राज्यानं कायदा केला, की दुसऱ्याच्या तयार बोटीवरच साचा ओतून तिची नक्कल विकता येणार नाही. पुढच्याच वर्षी या कायद्याखाली बोनिटोनं टेनेसीच्या थंडर क्राफ्ट कंपनीला कोर्टात खेचलं. खटला पायरी-पायरीनं वर गेला आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं राज्याचा कायदाच रद्द ठरवला. पेटंटचा विषय केंद्राचा. पेटंट नसलेली, उघड्या बाजारात आलेली वस्तू कुणी तशीच बनवली तर राज्यानं आडवं येऊ नये, असा त्याचा मथितार्थ. निकालपत्र न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर यांचं होतं. बोटवाल्यांनी मग थेट अमेरिकी काँग्रेसचं दार ठोठावलं आणि १९९८ मध्ये बोटीच्या हलच्या, म्हणजे कवचाच्या, आकाराला दहा वर्षं संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा झाला.

एवढं सगळं रामायण घडलं त्याच्या मुळाशी होतं ते लाकडाचं मॉडेल. कारखान्यात त्याला प्लग म्हणतात. बोटीची सगळी अक्कल त्यात ओतलेली असते, खर्चही त्यावरच होतो, आणि बोट बाजारात आली की दुसऱ्या कुणालाही तिच्यावरून साचा काढून तो खर्च वाचवता येतो. हे पुस्तक या प्लगबद्दल आहे. त्यातही फोम आणि प्लायवूडच्या प्लगबद्दल, जो पत्र्याच्या शेडमध्ये, दोन-तीन माणसांच्या बळावर, मोठ्या यंत्रसामग्रीशिवाय उभा राहतो.

पेणला गणपतीच्या कार्यशाळेत जाऊन आलेल्याला प्लग म्हणजे काय ते फार समजावून सांगावं लागणार नाही. मूळ मूर्ती एक, हातानं घडवलेली, तिच्यावरून साचा, साच्यातून शेकडो मूर्ती. प्लग ही ती मूळ मूर्ती. फरक इतकाच की तिथला रबरी साचा कानामागून, सोंडेखालून वाकवून सोलून काढता येतो. बोटीचा साचा स्वतःच फायबरचा, जाड आणि ताठ. तो वाकत नाही, सरळ उचलूनच सोडवावा लागतो. प्लगचे निम्मे नियम या एका अडचणीतून आलेले आहेत.

आपल्याकडच्या लहान कारखानदाराला नेहमी खुणावणारा रस्ता मात्र थंडर क्राफ्टचाच. चांगली चाललेली एखादी बोट घ्यायची, उलटी घालायची, ओरखडे लांबीनं भरून पॉलिश मारायचं, मेण लावायचं आणि तिच्यावरच साचा ओतायचा. आपल्याकडे २००० सालचा डिझाइन कायदा आहे. त्याखाली नोंदवलेल्या आकाराला दहा वर्षं आणि मुदतवाढ घेतली तर आणखी पाच वर्षं संरक्षण मिळतं. अट अशी की नोंदणीच्या अर्जाआधी तो आकार जगजाहीर झालेला नसावा. बोटी बांधणारे या नोंदणीच्या वाटेला फारसे जात नाहीत, म्हणून नक्कल करणाराही निर्धास्त असतो. पण कायदा घटकाभर बाजूला ठेवला तरी माझ्या मते हा सौदा आतबट्ट्याचाच आहे. जुनी बोट वर्षानुवर्षं दोन ओंडक्यांवर किंवा ट्रेलरच्या रुळांवर बसलेली असते. जिथं टेकू नीट नसतो तिथं तळ हळूहळू दबतो. ट्रान्समच्या, म्हणजे बोटीच्या मागच्या सपाट भिंतीच्या, थोडं पुढं तळाला असा लांबट खोलगट भाग आला की वेगात धावताना पाणी बोटीचा मागचा भाग उचलतं आणि नाळ खाली दाबली जाते. इंजिन तेच, डिझेल तेवढंच, वेग मात्र कमी. डोळ्यांना हा खोलगटपणा दिसत नाही. सहा फुटी सरळ पट्टी तळाला धरली तरच पट्टीखालून उजेड दिसतो. अशा बोटीवरून घेतलेला साचा तो दोष इमानेइतबारे पुढच्या प्रत्येक बोटीत उतरवतो. त्या बोटींपैकी एखादीवरून तिसऱ्यानं साचा काढला की दोष तर राहतोच, शिवाय पॉलिएस्टर रेझिन वाळताना आकसत असल्यामुळे माप दर पिढीला किंचित उतरत जातं. हे मूळ कुणाचं होतं, कशासाठी होतं, किती वजनासाठी होतं, हे तोवर कुणालाच ठाऊक नसतं.

फायबरग्लासच्या बोटींचं वय तसं फार नाही. १९४२ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात रे ग्रीन यांनी पॉलिएस्टर रेझिन आणि काचतंतूंची छोटी शिडाची होडी बनवली. तिथून ही गोष्ट सुरू झाली असं साधारण मानतात. पहिल्या पिढीतले कारागीर लाकडी बोटी बांधणारे, त्यामुळे त्यांचे प्लगही लाकडाचेच, जवळजवळ खऱ्या बोटीइतक्या मेहनतीचे. ब्रिटनमध्ये फळीवर फळी चढवून बांधलेल्या होड्यांवरून साचे घेतले गेले आणि अखंड फायबरच्या कवचावर फळ्यांच्या खोट्या कडा उमटू लागल्या. गिऱ्हाइकांना त्या इतक्या आवडल्या की पुढे मुद्दाम ठेवल्या गेल्या. गंमत म्हणजे त्या कडांमुळे पातळ कवचाला थोडी ताठरताही मिळते, म्हणजे निव्वळ नखरा म्हणून त्या उडवून लावता येत नाहीत. आज मोठे कारखाने फोमचे ठोकळे रचतात आणि संगणकावर चालणाऱ्या पाच अक्षांच्या यंत्राला आकार कोरायला सांगतात. काम देखणं होतं, पण ते यंत्र आणि ती शेड लहान माणसाच्या आवाक्यातली नाही. पूर्ण लाकडी प्लग आणि यंत्रावर कोरलेला प्लग, या दोघांच्या मध्ये आपला फोम-प्लायचा प्लग बसतो.

अर्थात बोट एकच हवी असेल तर प्लगच्या भानगडीत पडू नये. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या अक्वेरियस शिपयार्डनं नौदलासाठी म्हादेई ही शिडाची बोट बांधली. तिचा हल म्हणजे लाकडाचा गाभा आणि त्यावर फायबरग्लास. २००९ मध्ये ती नौदलात दाखल झाली, त्याच वर्षी दिलीप दोंदे तिच्यातून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले आणि २०१० मध्ये परतले. अभिलाष टॉमी तिच्यातूनच २०१२-१३ मध्ये कुठंही न थांबता जग फिरून आले. एकाच बोटीसाठी प्लग, मग साचा, मग बोट अशी तिहेरी मजुरी करण्यापेक्षा थेट बोटच बांधावी. तोच आकार पुन्हापुन्हा काढायचा असेल, मच्छीमारांच्या एखाद्या सोसायटीला एकसारख्या बोटी हव्या असतील, खाडीतल्या पर्यटनासाठी ताफा उभा करायचा असेल, तेव्हाच साच्याचा खर्च वसूल होतो.

आता कामाकडे वळू. या पद्धतीत प्लाय आणि फोम यांची कामं वाटून दिलेली आहेत. आकार खरा ठेवायची जबाबदारी प्लायची, आणि मधली पोकळी स्वस्तात, हलक्या हातानं भरायची जबाबदारी फोमची. ही वाटणी विसरली की गोंधळ सुरू होतो. फोमचं काम पाहून भुललेला माणूस घाईनं ठोकळे चिकटवतो आणि मग नजरेनं आकार शोधत बसतो. नजरेवर बोट घडवणारे जुने सुतार कोकणात होऊन गेले, अजूनही आहेत, पण त्यांची नजर पिढ्यानुपिढ्यांची असते आणि त्यांच्या हातात वाकणारी फळी असते. वाकवलेली फळी स्वतःच एक सलग रेषा धरते, तिला खोटं वाकता येत नाही. फोमला असा स्वभावच नाही. कापाल तसा तो कापला जातो, चुकीचाही.

म्हणून आधी रेषा. बोटीचे आडवे छेद पूर्ण मापात काढायचे; त्यांवरूनच प्लायचे फर्मे कापले जातात. पूर्वी हे काम मोठ्या लाकडी जमिनीवर पट्टी वाकवून व्हायचं; आता डेल्फ्टशिपसारख्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीतही होतं, आणि वास्तुविशारदांचे नकाशे छापणाऱ्या प्लॉटरच्या दुकानात छेद खऱ्या मापात छापून मिळतात. मात्र कागदावर डोळे मिटून विश्वास टाकू नये. दमट हवेत कागद फुगतो, आणि प्लॉटर लांबीत एक माप देतो, रुंदीत दुसरं. प्रत्येक कागदावर एक मीटरची उभी आणि एक मीटरची आडवी रेष छापून घ्यावी आणि फर्मा कापण्याआधी स्टीलच्या टेपनं दोन्ही मोजाव्यात. दोन मिनिटांचं काम आहे.

फर्म्यांसाठी बारा मिलिमीटरचा प्लाय पुरतो. इथं मरीन प्लायचा हट्ट धरू नये. प्लग काही पाण्यात जाणार नाही. पैसा वाचवायचा तर इथं वाचवावा, पण शीट सपाट निवडून घ्यावी, पिळलेली शीट नको. पाच मीटरच्या बोटीला दर अर्ध्या मीटरवर एक फर्मा ठेवला की आपल्या बाजारातली मीटर बाय अर्ध्या मीटरची थर्माकोलची शीट मधल्या जागेत जवळपास जशीच्या तशी बसते. नाळेकडे आकार भराभर बदलतो, तिथं फर्मे निम्म्या अंतरावर आणावेत.

फर्मा रेषेच्या कुठल्या बाजूला ठोकायचा, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. प्लायला जाडी असते आणि बोट टोकांकडे निमुळती होत जाते. पुढच्या अर्ध्या भागात फर्मा रेषेच्या पुढच्या बाजूला लावला तर त्याची पुढची कड बोटीच्या आकाराबाहेर डोकावते, मग ती रंध्यानं उतरवत बसावं लागतं आणि उतरवताना खरं माप हरवतं. म्हणून पुढचे फर्मे रेषेच्या मागच्या बाजूला आणि मागचे फर्मे रेषेच्या पुढच्या बाजूला, थोडक्यात सगळे बोटीच्या मध्याकडे सरकवून लावायचे. मग प्रत्येक फर्म्याची बाहेरची कड बरोबर खऱ्या रेषेवर येते. दुसरी गोष्ट वजावटीची. फोमवर पुढं काचकापड, लांबी आणि प्रायमर चढणार, त्यांची मिळून तीन मिलिमीटर जाडी धरली तर फर्मा तेवढा आत कापायला हवा. पण ही तीन मिलिमीटर पृष्ठभागाला काटकोनात मोजायची आहेत. बोटीच्या मध्यावर फर्म्यातली वजावटही तीनच येते. नाळेजवळ जिथं पृष्ठभाग फर्म्याला पंचेचाळीस अंशांत छेदतो तिथं ती सव्वाचारच्या घरात जाते. सगळीकडे सरसकट तीन धरणाऱ्याची नाळ जाड होते, आणि तो दोष पुढच्या प्रत्येक बोटीच्या तोंडावर दिसतो.

हे फर्मे उलटे, म्हणजे तळ वर करून, एका बैठकीवर उभे राहतात. बैठक लाकडी वाशांची असो की लोखंडी चौकोनी पाइपची, ती सरळ, सपाट आणि जमिनीला जखडलेली हवी. मधोमध ताणलेली तार, प्रत्येक फर्म्यावर आखलेली मध्यरेषा, ओळंबा आणि गवंड्याची पाण्याची नळी एवढ्यावर काम भागतं. लेसर असेल तर उत्तमच. पण नळीतलं पाणी खोटं बोलत नाही आणि तिची बॅटरी संपत नाही.

फोमच्या निवडीत मात्र रसायनशास्त्र मध्ये येतं. थर्माकोल आणि त्याचा घट्ट भाऊ एक्सपीएस, दोन्ही पॉलिस्टायरीन. आपण बोटीला वापरतो त्या पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन पातळक म्हणून असतं, आणि स्टायरीन पॉलिस्टायरीनला विरघळवतं. थर्माकोलच्या तुकड्यावर रेझिनचा एक थेंब टाकून पाहावा. आधी काहीच होत नाही. मग थेंबाभोवतीचे दाणे एकेक करून खचतात, थेंब स्वतःच खणलेल्या विहिरीत उतरतो आणि थोड्या वेळात आरपार भोक. थर्माकोल वापरायचा तर त्यावर पहिला थर एपॉक्सीचाच हवा, तोही एकही टाचणीएवढं छिद्र न ठेवता. शीतगृहवाले ज्याला पफ म्हणतात त्या पॉलियुरेथेन फोमला रेझिनची ही भीती नाही, तो घासलाही छान जातो. पण त्याची धूळ सगळीकडे शिरते, आणि तो तापलेल्या तारेनं कधीही कापू नये. त्यातून निघणारा धूर विषारी असतो. तार थर्माकोलसाठी, पफसाठी करवत. माझं मत विचाराल तर लहान कार्यशाळेनं भरणीला थर्माकोल घ्यावा आणि नाळ, कडा, जिथं आकार बारीक आहे तिथं पफ.

ठोकळे चिकटवताना गोंद पृष्ठभागापर्यंत आणू नये. वाळलेला गोंद फोमपेक्षा कितीतरी कडक असतो. पॉलिश पेपर फिरला की फोम खाली जातो आणि गोंदाची रेष शिरेसारखी वर उभी राहते. बाहेरचे तीन-चार सेंटिमीटर कोरडेच ठेवावेत. कडकपणातला हाच फरक प्लाय आणि फोममध्येही असतो, आणि या पद्धतीतली सगळ्यात मोठी गोम तीच आहे. आखूड ठोकळ्यावर पेपर गुंडाळून घासणाऱ्याचा हात फर्म्यावर अडतो आणि दोन फर्म्यांमध्ये खाली जातो. पाहता पाहता सगळ्या प्लगच्या फासळ्या दिसू लागतात. यावर उपाय एकच, लांब फळी. कमीत कमी तीन फर्म्यांवर एकाच वेळी टेकेल एवढी लांब, किंचित वाकणारी, तळाला ऐंशी नंबरचा पेपर चिकटवलेली. ती दोन माणसांनी दोन टोकांना धरून तिरकी चालवायची, काही वेळ एका दिशेनं, मग दुसऱ्या दिशेनं. सुरुवात करण्याआधी सगळ्या फर्म्यांच्या कडा जाड पेन्सिलीनं काळ्या करून घ्याव्यात. फळी कडेला लागली की पेन्सिलीचा रंग पुसट होतो. पुसट झाला की तिथं थांबायचं. पूर्ण गेला तर आपण माप खाल्लं.

त्यानंतर धूळ झाडून, शक्यतो व्हॅक्यूमनं ओढून, एपॉक्सीत भिजवलेलं काचकापड चढतं. धूळ राहिली तर कापड तिलाच चिकटतं, फोमला नाही, आणि उन्हं वाढली की तिथं फुगा येतो. मग एपॉक्सीतच मायक्रोबलून मिसळून केलेली लांबी, पुन्हा लांब फळी, पुन्हा लांबी. पुस्तकात या भागाला सर्वांत जास्त पानं दिली आहेत आणि ती कमी करावीत असं मला एकदाही वाटलं नाही. इथवर पृष्ठभाग हाताला गुळगुळीत लागतो, पण गुळगुळीत आणि सलग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुळगुळीत पृष्ठभागावर लाटा असू शकतात. त्या पकडायला काळ्या स्प्रेचा अगदी विरळ फवारा मारावा, धुरळा उडाल्यासारखा, आणि लांब फळी फिरवावी. उंचवट्यांवरचा काळा रंग आधी जातो. खळग्यांत तो राहतो आणि नकाशावरच्या तळ्यांसारखे ठिपके उरतात. ते भरायचे, वाळू द्यायचे, पुन्हा फवारा, पुन्हा फळी. तळी लहान होत जातात. शेवटी फळीच्या एका फेऱ्यात काळा रंग सगळीकडून एकसारखा उडतो, तेव्हा पृष्ठभाग सलग झाला म्हणायचं.

दुसरी कसोटी रात्रीची. पृष्ठभागावर थोडी चकाकी आली की शेडमधले बाकीचे दिवे मालवून एकच ट्यूबलाइट प्लगच्या लांबीला समांतर धरावी आणि डोकं खाली नेऊन तिचं प्रतिबिंब पाहत चालावं. प्रतिबिंब सरळ वाहत गेलं तर ठीक. जिथं ते सापासारखं वळतं, तिथं बोट ठेवून पेन्सिलीनं गोल करावा. दिवसाउजेडी न दिसलेला अर्धा मिलिमीटरचा खळगा या प्रकाशात लपत नाही. गिऱ्हाईक बोट पाहतं ते भर उन्हात, जेलकोटवर (फायबरच्या बाहेरच्या चकचकीत थरावर), म्हणजे अशाच प्रतिबिंबात. तेव्हा ते आधीच पाहून घ्यावं.

आकाराच्या नियमांचा मघाशी उल्लेख केला. साचा ताठ असल्यामुळे प्लगच्या कुठल्याही बाजूला उलटा उतार चालत नाही. बाजू अगदी उभ्या असल्या तरी साचा अडकतो, दोन-तीन अंशांचा मोकळा उतार हवाच. काठाशी बोट आत वळत असेल तर साचा मध्यरेषेवर दुभागून दोन फाळ्यांत करावा लागतो. त्यासाठी प्लगच्या मध्यावर तात्पुरती प्लायची भिंत उभारून एक बाजू ओतायची, मग भिंत काढून दुसरी, आणि दोन्हींच्या फ्लँज, म्हणजे बाहेर काढलेल्या कडा, नटबोल्टनं जोडायच्या. कडा गोल हव्यात. काचतंतूंना काटकोन आवडत नाही. तीक्ष्ण कोपऱ्यावरून काचतंतूंची मॅट उचलली जाते, खाली हवा राहते आणि पुढं तिथं जेलकोट टिचतो. चार-पाच मिलिमीटरची गोलाई दिली की ही कटकट मिटते. आतले कोपरे मेण किंवा प्लॅस्टिसीन बोटानं दाबून भरावेत. काठाभोवती फ्लँजसाठी चार-सहा इंचांचा पाट आत्ताच बांधून घ्यावा.

शेवटचा रंग निवडताना घरात उरलेला ऑइल पेंट वापरायचा मोह अनेकांना होतो. साच्याच्या जेलकोटमधलं स्टायरीन त्या रंगाला सुरकुत्या पाडतं आणि महिनाभराची मेहनत संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागते. दोन घटकांचा एपॉक्सी किंवा पीयू रंग, नाहीतर खास पॉलिएस्टरचा सरफेसर वापरावा, आणि तो पुरता पिकू द्यावा. मग पाण्याचा पेपर चढत्या नंबरांनी हजारापर्यंत, पॉलिश, आणि मेण. मेण कार्नोबाचं, साचाकामासाठी बनवलेलं. गाड्यांच्या पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं आणि त्यावर जेलकोट माशाच्या डोळ्यांसारखा फाटतो. एक हात मेण, थोडी विश्रांती, घासून चमक, पुन्हा मेण, असे निदान पाच-सहा हात. त्यावर पीव्हीएचा पातळ थर फवारला की नव्या प्लगपुरतं तरी मन निर्धास्त राहतं. तो पाण्यात विरघळतो, त्याचा फायदा पुढं होतो.

साचा ओतण्याबद्दल या पुस्तकात एकच प्रकरण आहे आणि ते योग्यच, कारण तो स्वतंत्र विषय आहे. फक्त प्लगशी ज्याचा थेट संबंध येतो तेवढं सांगतो. साच्याचा जेलकोट फार पातळ बसला तर वरच्या थरातलं स्टायरीन त्याला सुरकुतवतं. पहिला थर हलक्या मॅटचा, हवा नीट काढून, आणि मग तो वाळायला पुरेसा वेळ. उरकून टाकायच्या घाईत एका दिवसात पाच-सहा थर चढवले की रेझिन तापतं. थर्माकोल ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो आणि इतक्या मेहनतीनं घडवलेला आकार साच्याखालीच बसतो. दिवसाला दोन थर पुरेत. साच्याला बाहेरून लावायच्या लोखंडी पाइपच्या फासळ्या सगळी जाडी पुरी होऊन साचा पिकल्यावरच जोडाव्यात, आणि साचा प्लगवर असतानाच. आधी लावल्या तर त्यांच्या खुणा आतल्या चकचकीत पृष्ठभागावर उमटतात, नंतर प्लगवरून काढून लावल्या तर साचा तोवर पिळलेला असतो.

साचा सुटताना लाकडी पाचरी फ्लँजमध्ये थोड्या थोड्या अंतरावर, सगळीकडून सारख्या ठोकायच्या आणि फटीत पाण्याचा पाइप लावायचा. पीव्हीए विरघळतो, पाणी आत पसरतं, रबरी हातोड्याचे ठोके कवचावर भरीव वाजत होते ते पोकळ वाजू लागतात आणि एका क्षणी मोठा आवाज होऊन साचा मोकळा होतो. फोमचा प्लग यात बहुधा मोडतो. मोडू द्यावा. वाचलाच तर जपून ठेवायला जागा कुणाकडे असते? मोडण्याआधी फर्मे मात्र सोडवून, नंबर टाकून, भिंतीला टांगावेत. पुढची बोट अर्धा मीटर लांब करायची असेल तर त्यांतले बरेच पुन्हा उपयोगी पडतात.

थोडं शरीराबद्दल, कारण आपल्या शेडमध्ये याकडे सर्रास दुर्लक्ष होतं. नाकाला बांधलेला रुमाल फोमची धूळही धड अडवत नाही आणि स्टायरीनची वाफ तर मुळीच नाही. वाफेसाठी कार्ट्रिजचा मास्कच लागतो. हार्डनर म्हणून येणारं एमईकेपी डोळ्यात उडालं तर डोळा जाऊ शकतो. ते आणि कोबाल्ट ॲक्सिलरेटर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचं, हार्डनर सगळ्यात शेवटी. दोन्ही डबे दोन वेगळ्या कपाटांत ठेवले तर उत्तम.

राहिला हंगामाचा प्रश्न. कोकणात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, बोटी ओढून वर घेतलेल्या असतात आणि हाताला माणसं मिळतात, त्यामुळे नव्या कामाला हात घालायचा तो याच दिवसांत, असं ठरून जातं. प्लगपुरतं ते बरोबर आहे. फर्मे कापणं, बैठक, फोम, लांब फळी ही सगळी कामं पावसाळ्यात छपराखाली बिनघोर करावीत. दमट हवेत एपॉक्सीवर वाळताना तेलकट साय धरते, ती साध्या पाण्यानं आणि स्क्रबरनं पुसून मगच पुढचा थर द्यावा, एवढीच खबरदारी. पण जेलकोट आणि मॅट भर पावसात उघडू नयेत. मॅट हवेतला ओलावा पिते, आणि ओल्या मॅटमधला साचा दुधाळ, अर्धाकच्चा राहतो. नारळी पौर्णिमेला बाकीचे समुद्रात उतरतील आणि तुमचा प्लग अजून शेडमध्येच असेल. असू द्या. तेवढ्यात तो आणखी पिकेल, आकसायचं तेवढं आकसून घेईल, आणि ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत मेण लावण्याआधी ट्यूबलाइट आणखी एकदा फिरवायला सवड मिळेल.